दख्खनमधील सरकारी घोडे आणि खिलार वळू : वसाहतकालीन पशुपैदास धोरणाचा जत परिसराच्या संदर्भात विचार

गोषवारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या घोड्यांची जात सुधारावी म्हणून वंशावळीचे नर घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले व त्यांची सेवा मोफत देऊ केली. लष्कराला देशातच घोडे मिळावेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात मात्र शेतीचे काम बैल करीत असे. या पट्ट्यात, विशेषतः जत, आटपाडी व माणदेश या भागांत, खिलार जनावरांची निवडक पैदास पशुपालकांनी स्वतःच जोपासली होती. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींची तुलना केली आहे. उत्तम नर उपलब्ध करून देणे ही जातसुधारणेची केवळ एक बाजू आहे. मादी, चारा, बाजारपेठ आणि पशुपालकाची गरज या बाजू जुळल्या नाहीत, तर उत्तम नराचाही उपयोग मर्यादित राहतो, असे या तुलनेतून दिसून येते.

बीजसंज्ञा : अश्वपैदास, भीमथडी घोडा, खिलार, वळू, जत संस्थान, वंशावळ, कोरडवाहू शेती.

प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला जत तालुका हा पूर्वीच्या जत संस्थानाचा प्रदेश होय. मूळचे चव्हाण असलेल्या डफळे घराण्याकडे आदिलशाहीच्या काळापासून येथील देशमुखी होती. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर जतचे जहागीरदार ब्रिटिशांचे मांडलिक झाले. जत व डफळापूर मिळून या मुलखाचे क्षेत्रफळ सुमारे ९८० चौरस मैल भरत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्णनांत या संस्थानाविषयी थोडक्यात असे सांगितलेले आढळते की, येथे शेती व जनावरांची पैदास हे दोन व्यवसाय चालतात आणि महत्त्वाचा असा कारखानदारीचा उद्योग नाही.

जतच्या इतिहासातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जहागीर म्हणजे मुळात लष्करी चाकरीचा मोबदला. ठराविक स्वार बाळगून ते धन्याच्या हाकेला हजर करणे, ही जहागीरदाराची जबाबदारी असे. ब्रिटिश अमलात ही जबाबदारी पैशात बदलली गेली. स्वार पुरविण्याऐवजी जत संस्थान दरसाल सुमारे ६,४०० रुपये भरू लागले. म्हणजे ज्या प्रदेशाने पूर्वी घोडे व स्वार द्यायचे, त्याने आता रोख रक्कम द्यायची, अशी व्यवस्था झाली. दुसरीकडे त्याच शतकात सरकारला हिंदुस्थानात लष्करी घोडे मिळत नाहीत ही अडचण सतत भेडसावू लागली. या दोन घटनांचा परस्परसंबंध समजून घेतल्यास सरकारी अश्वपैदास योजनेचे यशापयश अधिक स्पष्ट होते.

लेखाची उद्दिष्टे

१. वसाहतकाळात वंशावळीचे नर घोडे उपलब्ध करून देण्यामागील कल्पना व कार्यपद्धती समजावून घेणे.
२. दख्खनच्या कोरडवाहू भागात या योजनेला आलेल्या मर्यादांची कारणे शोधणे.
३. जत परिसरातील खिलार पैदाशीच्या लोकपद्धतीशी तिची तुलना करून आजच्या पशुसंवर्धनासाठी काही निष्कर्ष काढणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

दख्खनचा घोडा आणि त्याची बाजारपेठ

भीमा, नीरा व माण या नद्यांच्या खोऱ्यांतील घोडा ‘भीमथडी’ या नावाने ओळखला जातो. उंचीने लहान, अंगाने काटक, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारा आणि खडकाळ वाटेवर न अडखळणारा अशी त्याची ख्याती होती. मराठ्यांच्या वेगवान हालचालींमागे या तट्टांचा वाटा मोठा होता. राजा बढे यांच्या गीतामुळे भीमथडीच्या तट्टांचे नाव आजही शाळकरी मुलांच्या तोंडी आहे.

मराठा लष्करात घोडदळाचे दोन प्रमुख वर्ग होते. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदारीमुळे गावोगाव घोडी बाळगणे, शिंगरे वाढविणे व ती विकणे हा फायद्याचा व्यवसाय होता. चांगल्या घोड्याला चाकरीत मान होता आणि बाजारात भाव होता. त्यामुळे पाटील, देशमुख व धनगर यांनी आपापल्या गरजेप्रमाणे घोड्यांची पैदास चालू ठेवली. पुण्यातील ‘हुजूरपागा’ हे नाव आज मुलींच्या शाळेमुळे परिचित असले, तरी ते मुळात पेशव्यांच्या पागेचे आहे.

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला आणि ही बाजारपेठ आटली. हजारो स्वारांची चाकरी गेली, त्याबरोबर घोडीला मिळणारी चंदीही गेली. ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत पुढे शतकभर टिकली व पहिल्या महायुद्धानंतर ती बंद करण्यात आली. परंतु या पलटणींची एकूण मागणी मराठेशाहीतील मागणीच्या मानाने थोडी होती. शिवाय गोऱ्या घोडदळाला व तोफखान्याला उंच व वजनदार घोडे लागत. अश्वशास्त्रात उंची ‘हँड’ या एककात मोजतात. एक हँड म्हणजे ४ इंच. भीमथडी घोडा साधारणपणे १३ हँडांच्या आसपास असतो. लष्कराची अपेक्षा मात्र १५ हँड किंवा त्याहून अधिक उंचीची असे. ही तूट आखातातून मुंबई बंदरात उतरणाऱ्या अरबी घोड्यांनी आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या ‘वेलर’ घोड्यांनी भरून काढली. आयातीचा खर्च मोठा होता, आणि युद्धकाळात समुद्रमार्ग बंद पडल्यास घोडे कोठून आणावयाचे, हा प्रश्नही होता. त्यामुळे देशातच उंच घोडा तयार करण्याचा विचार पुनःपुन्हा पुढे आला.

वंशावळीचा नर : कल्पना व योजना

नराची वंशावळ लेखी ठेवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंदवही १७९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, तर शॉर्टहॉर्न गुरांची नोंदवही १८२२ मध्ये निघाली. ‘बाप कोण’ हे कागदावर सिद्ध करता आले की जनावराची किंमत वाढते, हा त्यामागील व्यवहार होता. नर निवडण्यावर भर देण्यास जीवशास्त्रीय कारणही आहे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते. नर मात्र एका हंगामात अनेक घोड्यांना लागू शकतो. म्हणून थोड्या खर्चात पुष्कळ प्रजेवर परिणाम घडवायचा असेल, तर नर बदलणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

याच तत्त्वावर युरोपातील राज्यांनी सरकारी नर ग्रामीण भागात पाठविण्यास सुरुवात केली होती. फ्रान्समध्ये कोल्बेरच्या पुढाकाराने १६६५ मध्ये राजकीय अश्वशाळांची स्थापना झाली. प्रशियाने १७३२ मध्ये ट्राकेनेन येथे अश्वशाळा उभारली. इंग्लंडमध्ये १८८७ नंतर निवडक नरांच्या मालकांना राणीच्या नावाने पारितोषिके देण्यात येऊ लागली. ज्याला पारितोषिक मिळे, त्याने आपला नर नेमून दिलेल्या भागात शेतकऱ्यांसाठी उपलब्ध ठेवावा अशी अट असे.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने प्रथम वेगळा मार्ग अवलंबिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमधील पुसा येथे मोठी अश्वशाळा उघडण्यात आली. १८०८ मध्ये तिचा कारभार विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याकडे आला. उत्तम नर घोड्यांच्या शोधात तो हिमालय ओलांडून बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मरण पावला. मुंबई इलाख्यातही शिरूरजवळ आलेगाव येथे सरकारी पागा होती. परंतु सरकारी शाळेत वाढविलेला घोडा विकत घेतलेल्या घोड्यापेक्षा महाग पडतो, असा अनुभव आला. अखेर १८७० च्या दशकाच्या मध्यास बंगालमधील अश्वशाळा मोडीत काढण्यात आल्या व नवी पद्धत सुरू झाली. घोडी शेतकऱ्याची, नर सरकारचा आणि शिंगरू वाढविण्याचा भार पुन्हा शेतकऱ्याचा, असे तिचे स्वरूप होते. या कामाची सूत्रे जे. एच. बी. हॅलन या पशुवैद्याकडे होती. पुण्यातील लष्करी पशुवैद्यकीय शाळा त्यांनीच १८६२ मध्ये सुरू केली होती. १८९२ मध्ये मुलकी पशुवैद्यक खाते स्थापन झाल्यावर अश्वपैदाशीचे काम त्याच्याकडे गेले. १९००-०१ मध्ये घोडे व खेचरे यांच्या पैदाशीविषयी आयोग बसला आणि त्यानंतर १९०३ मध्ये निवडक जिल्ह्यांतील काम लष्कराच्या रिमाउंट खात्याकडे देण्यात आले. उरलेल्या जिल्ह्यांत ते मुलकी खात्याकडेच राहिले.

योजनेची कार्यपद्धती व तिच्यातील अडचणी

योजनेची रचना कागदावर सोपी होती. सरकारी अधिकारी गावकऱ्यांच्या घोड्या पाहत, योग्य वाटणाऱ्या घोड्यांवर डाग देत आणि अशा डागलेल्या घोड्यांना सरकारी घोडा मोफत लावून मिळे. नरांमध्ये इंग्लिश शर्यती वंशाचे, नॉरफोक ट्रॉटर या दुडक्या चालीच्या वंशाचे आणि अरबी घोडे असत. खेचरांसाठी गाढवनरही ठेवले जात. दरसाल घोड्यांची प्रदर्शने भरवून चांगल्या घोड्यांना व शिंगरांना बक्षिसे दिली जात. निकृष्ट नर शिंगरे खच्ची करावीत असाही आग्रह असे.

दख्खनमध्ये या रचनेला चार प्रकारच्या अडचणी आल्या.

पहिली अडचण घोडीच्या आकाराची होती. १३ हँडांच्या घोडीला १५ हँडांहून उंच नर लावला, तर पहिल्या पिढीत उंची वाढते. पण पाय लांब, छाती अरुंद व हाड बारीक असे बेडौल शिंगरू निपजण्याचा संभव असतो. असे जनावर लष्कराच्या कसोटीला उतरत नाही आणि धनगराच्या ओझ्यालाही चालत नाही. अरबी घोडा तुलनेने लहान व काटक असल्याने दख्खनी घोडीला तो अधिक जुळत असे. परंतु लष्कराला हवी असलेली उंची त्याच्यापासून चटकन मिळत नव्हती.

दुसरी अडचण अंतराची होती. घोडीचा माज साधारण आठवडाभर टिकतो. तेवढ्या अवधीत तिला पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत किंवा तालुक्याच्या ठिकाणापर्यंत चालवत न्यावयाचे, ती फळली नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा न्यावयाचे, यात शेतकऱ्याचे कामाचे दिवस मोडत. नराची सेवा मोफत असली, तरी शेतकऱ्याला ती फुकट पडत नव्हती.

तिसरी अडचण रोगाची होती. अनेक घोड्यांना एकच नर लावल्याने संसर्गाचा धोका वाढतो. समागमातून पसरणाऱ्या ‘डूरिन’ या रोगासाठी सरकारला १९१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

चौथी अडचण सर्वांत मूलभूत म्हणजे हिशेबाची होती. घोडी अकरा महिने गाभण, त्यानंतर शिंगरू तीन-चार वर्षांचे होईपर्यंत त्याला चारा व चंदी, आणि इतके करून लष्करी खरेदीदाराने ते नाकारले तर सगळा तोटा शेतकऱ्याचा. युरोपात हा धोका शेतकरी पत्करू शके, कारण तेथे नांगर व गाडी घोडाच ओढीत असे. लष्कराने नाकारलेले जनावर शेतात कामाला येई. दख्खनमध्ये तसे नव्हते. येथील जू बैलाच्या वशिंडापुढे मानेवर बसते. घोड्याला वशिंड नसल्याने हे जू त्याच्या उपयोगाचे नाही. नांगर, कुळव, पाभर, मोट आणि गाडी ही सारी अवजारे बैलाच्या अंगाला बेतलेली होती. त्यामुळे नाकारलेल्या उंच घोड्याला कोरडवाहू शेतात दुसरे कामच नव्हते.

पंजाबात या अडचणीवर सरकारने जमिनीच्या रूपाने उपाय काढला. झेलम कालव्याच्या वसाहतीत विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या जमिनी दिल्या गेल्या, त्यांतील पुष्कळशा घोडी बाळगण्याच्या अटीवर होत्या. कालव्याचे पाणी व हिरवा चारा असल्यामुळे तेथे ते जमले. दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागात सरकारजवळ देण्यासारखे असे पाणी नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळाने या भागातील जनावरे मोठ्या प्रमाणावर नष्ट केली होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी पुन्हा तोच घाला घातला. १९०१ च्या जनगणनेत जत मुलखाची लोकसंख्या दशकभरात १४ टक्क्यांनी घटलेली आढळली. ज्या गावात माणसांना धान्य नव्हते, तेथे घोडीला चंदी कोण घालणार?

जतच्या माळावरील खिलार

सरकारी घोड्यांची योजना प्रामुख्याने खालसा जिल्ह्यांसाठी होती. जतसारखी संस्थाने तिच्या कडेला होती. पण याच प्रदेशात पशुपालकांची स्वतःची निवडक पैदास पद्धत चालू होती, आणि तिचा विषय घोडा नसून बैल होता.

‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप. त्यावरूनच खिलार हे जातीचे नाव आले. करडा-पांढरा रंग, अरुंद कपाळ, मागे वळून वर गेलेली लांब टोकदार शिंगे, आवळ बांधा व टणक खूर ही या जातीची लक्षणे होत. म्हैसूरकडील हळ्ळीकार गुरांशी तिचे नाते जोडले जाते. गायीचे दूध बहुधा वासरापुरतेच असते. हा वंश दुधासाठी नव्हे, तर चपळ ओढकामासाठी जोपासला गेला. मुरमाड जमीन, लांब अंतरावरची शेते, खोल विहिरींवरची मोट आणि अपुरा चारा या परिस्थितीत हलका, वेगवान व उन्हाला न हरणारा बैलच उपयोगी पडतो.

खिलारचे चार प्रकार सांगितले जातात : औंध संस्थानाच्या आटपाडी महालातील हणम खिलार, म्हसवड खिलार, तापी खोऱ्यातील ठिल्लारी आणि ‘नकली’ खिलार. यांपैकी चौथे नाव विशेष अर्थपूर्ण आहे. ज्या जनावराची पैदास शुद्ध नाही ते नकली. अशी संज्ञा ज्या समाजात रूढ आहे, त्या समाजाला वंशावळीची कल्पना सरकारने शिकविण्याची गरज नव्हती. येथे नोंदवही नव्हती, पण वासराची आई कोणाच्या दावणीची आणि बाप कोणत्या गावचा वळू, हे विक्रेता सांगे व खरेदीदार पडताळून पाही. त्याचबरोबर अंगावरील भोवरे, शिंगांचे वळण, शेपटीचा गोंडा व चाल यांची परीक्षा होई. यांतील भोवऱ्यांच्या शुभाशुभ फलांना शास्त्रीय आधार नाही. परंतु चाल, खूर व बांधा यांची परीक्षा ही प्रत्यक्ष कामाची परीक्षा होती.

नराची उपलब्धता दोन मार्गांनी होत असे. पहिला मार्ग धार्मिक. मृताच्या नावाने किंवा देवाला नवस म्हणून वळू मोकळा सोडण्याची प्रथा होती. अशा वळूला ‘पोळ’ म्हणत. तो गावाच्या मालकीचा, त्याला कोणीही अडवीत नसे आणि गावातील गायी त्याच्यापासून फळत. चांगला खोंड सोडला गेला तर सर्व गावाचा फायदा होई. मात्र देवाला द्यावयाचे म्हणून हलके वासरू सोडण्याची प्रवृत्ती वाढली की हीच प्रथा जात बिघडविण्यास कारण होई. दुसरा मार्ग व्यावसायिक. काही पशुपालक नामांकित वळू स्वतः बाळगत आणि आसपासच्या गावांतून गायी त्यांच्याकडे आणल्या जात.

या पैदाशीला आधार होता तो बाजारपेठेचा. जत, आटपाडी, सांगोला हा कोरडवाहू पट्टा खोंड तयार करी आणि कृष्णा-भीमाकाठचा बागायती शेतकरी ते विकत घेई. खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, मार्गशीर्षातील जतची यल्लमादेवीची यात्रा आणि पंढरपूरचा कार्तिकीचा बाजार ही या व्यवहाराची केंद्रे होत. दोन-तीन वर्षांचा खोंड कमी पसंतीचा निघाला तरी कोठेतरी नांगराला लागेच. लष्करी घोड्यात जो धोका होता, तो येथे नव्हता. उत्तम जनावर चढ्या भावाने विकले जाई आणि मध्यम जनावरही वाया जात नसे. खिलारची पैदास दुष्काळानंतर पुनःपुन्हा उभी राहिली, तिचे एक महत्त्वाचे कारण हे मानता येईल.

घोड्याकडून वळूकडे

दक्षिण महाराष्ट्रातच एक मधले उदाहरण आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण मराठा मुलखातील संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज व स्थानिक म्हैसुरी वळणाची गुरे यांच्या संकरातून ‘कृष्णाकाठ’ ही जात घडविली. कृष्णा खोऱ्यातील काळी चिकण जमीन नांगरण्यासाठी भारी, शक्तिमान बैल हवा होता. येथेही बाहेरचे नर आणले गेले. परंतु ते शेतकऱ्याच्याच गरजेसाठी. कृष्णाकाठचा भारी बैल जतच्या मुरमाड माळावर सोयीचा नाही आणि खिलारचा हलका बैल कृष्णाकाठच्या चिकण मातीत पुरा पडत नाही. सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेस व पूर्वेस दोन निराळ्या जाती नांदल्या, त्यांचे मूळ जमिनीच्या या फरकात आहे.

सरकारी धोरणालाही हे कालांतराने पटू लागले. पहिल्या महायुद्धानंतर लष्करात मोटारींचा शिरकाव झाला व दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडदळाच्या पलटणींनी घोडे सोडून चिलखती गाड्या स्वीकारल्या. दरम्यान लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने (१९२६-२८) गुरांच्या सुधारणेवर विशेष भर दिला. मुंबई इलाख्यात निवडक वळू पाळणाऱ्यास अनुदान देण्याची ‘प्रीमियम वळू’ पद्धत राबविण्यात आली. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्याने वळू बाळगण्यास परवाना लागू करण्याची व अयोग्य नर खच्ची करविण्याची तरतूद केली. १९३६ मध्ये लिनलिथगो व्हाइसरॉय म्हणून आले, तेव्हा त्यांनी धनिकांना गावांसाठी जातिवंत वळू भेट देण्याचे जाहीर आवाहन केले. पोळ सोडण्याच्या जुन्या प्रथेशी या आवाहनाचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे.

प्रीमियम वळूची योजना घोड्यांच्या योजनेहून एका बाबतीत सरस होती. वळू गावातच, गावकऱ्याच्याच दावणीला राहत असे आणि त्याची प्रजा गावाच्याच कामाची होती. तरीही वळूंची संख्या गावांच्या मानाने फारच थोडी होती, आणि गायींच्या चाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि आजची स्थिती

८ मार्च १९४८ रोजी जत संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पुढे कृत्रिम रेतनामुळे नराच्या उपलब्धतेचे स्वरूपच पालटले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने ही सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. आता नराला चालत आणावे लागत नाही, गायीलाही न्यावे लागत नाही; परदेशी वंशाच्या वळूचे गोठविलेले रेत दारात मिळते. अंतराची व रोगाची अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. दुधाच्या उत्पन्नाने असंख्य कुटुंबांना आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही.

परंतु मादी, चारा आणि गरज हे तीन जुने प्रश्न अद्याप कायम आहेत. संकरित गाईला पाणी, हिरवा चारा व खुराक लागतो. टंचाईच्या वर्षी जतसारख्या तालुक्यात तीच गाय कर्जाचे कारण होऊ शकते. दुसरीकडे ट्रॅक्टरमुळे बैलाचे काम घटले आणि खिलार गाय पाळण्याचे आर्थिक कारणच दुबळे झाले. बैलगाडा शर्यतींनी काही प्रमाणात ही पोकळी भरली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद झाल्या; राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली; डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शर्यती सुरू झाल्यावर चपळ खोंडांना पुन्हा मागणी आली. तथापि शर्यतीचा बैल व शेतीचा बैल यांची निवड एकाच कसोटीने होत नाही, ही बाब पैदासकारांनी ध्यानात ठेवावयास हवी.

घोड्याची स्थिती अधिक चिंताजनक आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. अशा काळातही भीमथडी घोडा टिकून राहिला तो मुख्यतः भटक्या धनगर मेंढपाळांमुळे. बिऱ्हाड, कोकरे व लहान मुले पाठीवर वाहणारे काटक तट्टू त्यांना हवे होते आणि त्यांनी आपल्या गरजेनुसार तेच जोपासले. ज्या लहान उंचीमुळे सरकारी अधिकाऱ्यांनी हा घोडा सुधारण्यायोग्य मानला, तीच उंची मेंढपाळाला ओझे चढविण्या-उतरविण्यास सोयीची होती. अलीकडच्या काळात राष्ट्रीय पातळीवर भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे.

जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी हे आणखी एक ताजे उदाहरण होय. बाकदार नाक व जलद वाढ यांसाठी ही मेंढी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका नर मेंढ्याला ७० लाख रुपयांपर्यंत मागणी आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि तरीही मालकाने तो विकला नाही. अशा किमतींत हौस व प्रतिष्ठा यांचा भाग मोठा असतो. तथापि वंशावळीच्या नराचे मोल ओळखणारी दृष्टी या परिसरात आजही जिवंत आहे, याची ती साक्ष आहे.

निष्कर्ष

१. वसाहतकालीन अश्वपैदास योजनेत नराची निवड लष्कराच्या गरजेनुसार झाली. खर्च व जोखीम मात्र शेतकऱ्याकडे राहिली.

२. दख्खनच्या शेतीत घोड्याला काम नव्हते. त्यामुळे लष्कराने नाकारलेल्या शिंगराला पर्यायी बाजारपेठ मिळाली नाही. युरोपात यशस्वी ठरलेली पद्धत येथे रुजली नाही, याचे हे प्रमुख कारण होय.

३. खिलारच्या बाबतीत पैदासकार, वापरकर्ता व बाजार एकमेकांशी जोडलेले होते. सरकारी साहाय्याशिवायही वंशशुद्धतेची कल्पना व तिची पारख येथे विकसित झाली होती.

४. केवळ नर बदलून जात सुधारत नाही. मादीचा आकार, चाऱ्याची उपलब्धता आणि दुष्काळात जनावर तगविण्याची सोय या बाबी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

५. खिलार, भीमथडी व माडग्याळ यांच्या संवर्धनासाठी पशुपालकांच्या तोंडी असलेल्या वंशमाहितीची पद्धतशीर नोंद होणे निकडीचे आहे.

समारोप

शतकापूर्वी स्वारांऐवजी पैसे भरणाऱ्या जत मुलखाने लष्करासाठी उंच घोडा तयार केला नाही. मात्र अवर्षणातही चालणारा बैल आपल्या बळावर घडविला. आज रेताच्या कांडीच्या रूपाने वंशावळीचा नर प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचू शकतो. ती कांडी कोणत्या वंशाची असावी, हे ठरविताना माळरानावरच्या पशुपालकाला प्रथम विचारले गेले पाहिजे. खिलार वळू बाळगणाऱ्या वृद्ध पशुपालकांची पिढी मागे पडत चालली आहे. त्यांच्याजवळची माहिती नोंदविण्याचे काम या परिसरातील महाविद्यालये व विद्यार्थी सहज हाती घेऊ शकतात, आणि ते येत्या काही वर्षांतच करावयास हवे.